‘लशींनी रोग गेलेच नाहीत’ : घरात शिरलेल्या एका संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने मला एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘दादा, बाळाची गोवराची लस पुढे ढकलू का?’ हाच संदेश मी आजवर तीन-चार वेळा न वाचता पुसून टाकला होता, आणि तेच चुकले. त्याचे म्हणणे असे : रोग लशींनी नव्हे, स्वच्छतेने हटले, गोवराच्या लशीने मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) जडते, लशींत पारा असतो, साथीत लस घेतलेलेच अधिक आजारी पडतात, आणि लशींनी घेतलेले बळी दडपले जातात.

स्वच्छतेच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. चांगला आहार आणि सुधारलेले उपचार यांमुळे गोवराने होणारे मृत्यू अनेक देशांत लस येण्यापूर्वीच पुष्कळ घटले होते. पण गोवर होणे घटले नव्हते : अमेरिकेत १९६३ साली लस येईपर्यंत दरवर्षी अंदाजे ३० ते ४० लाख लोकांना तो होत असे. जपानचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. तेथे १९७४ साली सुमारे ८० टक्के मुलांना डांग्या खोकल्याची लस मिळत होती आणि वर्षभरात ३९३ रुग्ण आढळले, मृत्यू एकही नाही. लस टोचल्यानंतर दोन बालके दगावल्याने १९७५ मध्ये लसीकरण थांबवण्यात आले, पुढल्या वर्षी लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण १० टक्क्यांवर घसरले, आणि १९७९ मध्ये १३ हजारांहून अधिक रुग्ण व ४१ मृत्यू नोंदले गेले. त्या पाच वर्षांत जपानच्या नळांचे पाणी काही गढूळ झाले नव्हते.

आता स्वमग्नतेचा दावा, ज्याने आजवर सर्वांत अधिक नुकसान केले आहे. त्याचे मूळ फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांच्या लेखात आहे. त्यात मुले किती होती? बारा. लस न घेतलेल्या मुलांशी तुलना नव्हती, आणि लस व स्वमग्नता यांचा संबंध सिद्ध झालेला नाही, अशी कबुली खुद्द लेखातच होती. तरीही पत्रकार परिषदेत वेकफिल्ड यांनी गोवर, गालगुंड आणि रूबेला यांची एकत्रित लस नको, असा सल्ला दिला. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढले की, लस उत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफिल्ड यांना ४ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली होती. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेच्या चौकशीत तर असेही निष्पन्न झाले की, त्यांनी स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या मुलांचे रक्त काढून घेतले आणि प्रत्येकाच्या हातावर ५ पौंड ठेवले. २०१० साली ‘लॅन्सेट’ने लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. संदेशात मात्र ते आजही ‘थोर संशोधक’ आहेत.

याउलट डेन्मार्कमध्ये १९९९ ते २०१० या काळात जन्मलेल्या ६,५७,४६१ मुलांचा मागोवा घेण्यात आला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६,५१७ मुलांत स्वमग्नतेचे निदान झालेले होते, आणि लस घेतलेल्यांत ते प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा अधिक नव्हते. ज्यांच्या थोरल्या भावंडाला स्वमग्नता होती, अशा मुलांतही नव्हते. आईबापांना संबंध दिसतो, कारण स्वमग्नतेची लक्षणे डोळ्यांत भरू लागण्याचे वय आणि ही लस टोचण्याचे वय जवळपास एकच आहे. त्यांच्या शंकेला मी हसणार नाही. तिचे भांडवल करणाऱ्यांना मात्र माफी नाही.

पाऱ्याविषयी थोडक्यात : थायोमर्सल हे पारायुक्त संरक्षक द्रव्य काही लशींत वापरले जाते, गोवराच्या लशीत ते कधीच नव्हते, कारण तिच्यातले जिवंत विषाणू त्याने मरतील.

साथीचा दावा हा निव्वळ हिशेबाचा घोळ आहे. १,००० मुलांपैकी ९८० जणांनी गोवराच्या लशीचे दोन डोस घेतले आहेत आणि २० जणांनी काहीच घेतलेले नाही, असे धरा. सर्वांचा रुग्णाशी संपर्क आला, तर त्या २० पैकी १८ आजारी पडतील आणि ९८० पैकी सुमारे २९. संदेश लिहिणारा ‘२९ विरुद्ध १८’ एवढेच सांगतो, आणि ९८० व २० हे आकडे गिळून टाकतो.

बळी गेले, हे खरे आहे. १९३० मध्ये जर्मनीतील ल्युबेक येथे क्षयाच्या लशीत रोगकारक जंतू मिसळले जाऊन ७२ बालके दगावली. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओच्या काही लशींतले विषाणू पुरते मारलेले नव्हते, त्यामुळे सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला आणि १० जण मेले. पण दडपले कुणी? ल्युबेकमध्ये खटला चालून दोन डॉक्टरांना तुरुंगवास झाला, आणि अमेरिकेत लशींच्या तपासणीचे नियम कडक झाले. हे प्रसंग संदेशकर्त्याला ठाऊक आहेत, ते उघडपणे नोंदले गेले म्हणूनच.

बहिणीला मी कळवले की, लस ठरल्या दिवशीच दे. त्यानंतर आठवड्या-दीड आठवड्याने एखादा दिवस ताप येऊ शकतो, क्वचित अंगावर पुरळही उठते, आणि तापात झटका आलाच, जे फारच विरळा घडते, तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे ने. तिने लगेच उलट विचारले, ‘मग हे त्या संदेशात का नाही?’