प्रीमियम कोण भरणार यावर एवढं भांडण, पण बिलाचा आकडा ठरवतं कोण?

सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्यावर आला तेव्हा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोरदार चर्चा झाली. नाशिकचा दादा म्हणाला, आता प्रत्येकाने पॉलिसी घ्यायचीच, सरकारी दवाखान्याच्या भरवशावर राहायचे दिवस गेले, अमेरिकेत बघा सगळं इन्शुरन्सवर चालतं. साताऱ्याची ताई म्हणाली, सरकारनेच सगळ्यांचा विमा भरावा, फुले योजनेत पाच लाखांचं कव्हर आहेच, ते अजून वाढवा. मग दोघांनीही मला टॅग केलं, तू तिथे राहतेस, तू सांग. चार ओळींत सांगता येण्यासारखं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी अमेरिकेत मेरीलँड राज्यात राहते, वॉशिंग्टनला रोज नोकरीला जाणाऱ्यांची वस्ती आहे ही. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025, असं 43 दिवस इथलं केंद्र सरकार बंद होतं, देशाच्या इतिहासातलं तोवरचं सगळ्यात लांब शटडाऊन, आणि आमच्या गल्लीतल्या सरकारी नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांत त्या काळात पगार आला नाही. भांडण कशावरून? तर ओबामाकेअर, म्हणजे कंपनीचा विमा नसणाऱ्यांना विमा घ्यायला सरकारी मदत देणारा कायदा, त्यातल्या वाढीव सबसिडीवरून. कोविडच्या काळात 2021 ला ही मदत वाढवली होती, तिची मुदत 2025 च्या शेवटी संपत होती. डेमोक्रॅट म्हणत होते ती चालू ठेवा नाहीतर आम्ही बजेटला मत देणार नाही, रिपब्लिकन म्हणत होते आधी सरकार उघडा, मग बोलू. सरकार उघडलं, आणि वर्षअखेरीस वाढीव सबसिडी संपली. 2025 मध्ये साधारण 2.4 कोटी लोकांनी या कायद्याच्या मार्केटप्लेसमधून, म्हणजे सरकारी विमाबाजारातून, विमा घेतलेला होता आणि त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ही मदत मिळत होती. म्हणजे स्वतःचं दुकान चालवणारे, उबर चालवणारे, साठीच्या आत रिटायर झालेले, ज्यांच्यामागे कंपनी नाही असे सगळे.

मी स्वतः या वादात सबसिडी चालू ठेवायच्या बाजूची होते आणि आहे. माणसाचा विमा असा मध्येच महाग करून त्याला वाऱ्यावर सोडणं मला पटतच नाही. पण एवढे दिवस टीव्हीवर दोन्ही बाजू ऐकताना सारखं जाणवत राहिलं की प्रीमियम कोण भरणार, सरकार की माणूस, यावरच सगळी ताकद चाललीये, आणि मुळात हे सगळं इतकं महाग का, हा प्रश्न फार थोडे लोक लावून धरतायत.

आता माझ्यासारख्या नोकरदाराचं बघा. केएफएफ म्हणून एक संस्था दरवर्षी पाहणी करते, तिच्या 2025 च्या आकड्यांप्रमाणे कंपनीतर्फे मिळणाऱ्या फॅमिली विम्याचा सरासरी प्रीमियम वर्षाला जवळपास 27 हजार डॉलर आहे. त्यातले सात हजाराच्या आतबाहेर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात, बाकीचे कंपनी भरते, म्हणजे खरं तर तेही आपल्याच पगारात आले असते. आणि हा विमा नोकरीला बांधलेला. दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर सरकारने मर्यादा घातली तेव्हा कंपन्या माणसं टिकवायला विमा देऊ लागल्या, पुढे 1954 च्या कायद्याने त्यावर टॅक्स नाही हे पक्कं झालं, आणि तीच पद्धत आजवर चालू आहे. न्यू जर्सीला असताना आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा जॉब गेला, बायकोला सातवा महिना. कोब्रा नावाच्या कायद्याने जुना विमा पुढे चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटासुद्धा स्वतःच भरायचा, आणि तो एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, म्हणजे 60 दिवसांत दुसरी नोकरी शोधा नाहीतर निघा. त्या दोघांची त्या दिवसांतली अवस्था मी बघितलीये. दादा म्हणतो "सगळं इन्शुरन्सवर चालतं" ते बरोबर आहे, पण कसं चालतं तेही बघायला हवं.

न्यू जर्सीतच मुलाला टाके घालायला रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं होतं. नंतर विमा कंपनीचा जो कागद येतो त्यावर हॉस्पिटलने लावलेला आकडा वेगळा, कंपनीने मान्य केलेला आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि आमचं डिडक्टिबल (विम्याचे पैसे सुरू व्हायच्या आधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) पूर्ण झालेलं नसल्यामुळे आम्ही भरायचा आकडा तिसराच. दुसऱ्या कंपनीचा विमा असता तर आकडा अजून बदलला असता, विमाच नसता तर पूर्ण बिल अंगावर. रँड या संशोधन संस्थेने 2022 चे आकडे काढले होते, त्यात खाजगी विमा कंपन्या हॉस्पिटलला मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, सरासरी अडीच पट पैसे देत होत्या, तेही तेवढ्याच कामासाठी! आणि ओबामाकेअरने विमा कंपन्यांना नियम घातला की प्रीमियमचे 80 ते 85 टक्के पैसे उपचारावर खर्च करा. हेतू चांगलाच होता, पण उरलेल्या 15-20 टक्क्यांत त्यांचा खर्च आणि नफा बसतो, मग बिलं वाढली आणि प्रीमियम वाढला तर त्यांचाही वाटा वाढतोच, भाव खाली आणायची त्यांना घाई कशाला असेल?

मेरीलँडला आल्यावर कळलं की इथे हॉस्पिटलचे दर राज्य सरकारचं एक कमिशन ठरवतं. 1970 च्या दशकापासून. तुमचा विमा कुठल्याही कंपनीचा असो, मेडिकेअर असो की विमा नसो, एका हॉस्पिटलमध्ये एका सेवेचा दर जवळजवळ सगळ्यांना सारखा. बाल्टिमोरचं जगप्रसिद्ध जॉन्स हॉपकिन्ससुद्धा याच नियमाखाली आहे आणि त्याचं नाव काही खाली गेलेलं नाही. 2014 पासून तर हॉस्पिटलचं वर्षाचं एकूण उत्पन्नच आधी ठरवून देतात, त्यामुळे जास्त पेशंट भरती करून जास्त कमवायचा मोह कमी होतो. इथे सगळं स्वस्त आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टरची फी यात येत नाही आणि प्रीमियम आम्हालाही भरपूर आहे. पण दर ठरवला तर दवाखाने बंद पडतील, ही जी भीती दोन्ही देशांत घालतात, तिला इतक्या वर्षांचं उत्तर वॉशिंग्टनपासून तासाभरावर आहे.

औषधांचंही तसंच. 2003 च्या कायद्यात मेडिकेअरने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही असं लिहूनच ठेवलं होतं, ते 2022 मध्ये बदललं, आणि पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव जानेवारी 2026 पासून लागू झाले. त्यात डायबेटिसचं जानुविया आहे, महिन्याचा छापील भाव 527 डॉलर होता, तो मेडिकेअरसाठी 113 झाला. आपल्याकडे त्याचं पेटंट 2022 ला संपलं आणि तेच सिटाग्लिप्टिन किती स्वस्त मिळायला लागलं ते तुमच्यापैकी कितीतरी जणांना घरातूनच माहीत असेल.

म्हणून ताईला आणि दादाला माझं सांगणं असं, की तुम्ही दोघं ज्यावर भांडताय तो भाग महत्त्वाचा आहे, पण अर्धाच. दादाने पॉलिसी घ्यावी, जरूर घ्यावी, आजच्या परिस्थितीत दुसरा मार्ग नाही. फुले योजनाही हवी, रेशनकार्डवाल्या कितीतरी घरांना तिने ऑपरेशनसाठी शेतजमीन विकण्यापासून वाचवलंय. पण पाच लाखांचे दहा लाख केले आणि दर मोकळे सोडले तर बिलही दहा लाखांचं व्हायला वेळ लागत नाही.

आणि महाराष्ट्राला हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये, कारण महाराष्ट्राने हे केलेलं आहे. मे 2020 मध्ये राज्य सरकारने खाजगी हॉस्पिटलांचे 80 टक्के बेड ताब्यात घेऊन दर बांधून दिले होते, साधा वॉर्ड दिवसाला 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. पळवाटा निघाल्या, जास्तीची बिलंही लागली, पण ऑडिटर नेमले गेले आणि काही लोकांना पैसे परत मिळाले, कारण तक्रार करायला हातात एक ठरलेला आकडा होता! साथ ओसरली आणि ते दर गेले. मला हे फार लागतं, कारण एवढी मोठी गोष्ट करून दाखवली आणि त्यावर पुढे काही उभंच केलं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानेही दर ठरवण्यावरून केंद्राला खडसावलं होतं, तेव्हा मला वाटलं आता आपल्याकडे हा निवडणुकीचा मुद्दा होईल. त्याच वर्षी लोकसभा झाली, विधानसभा झाली, पण इथून जेवढी भाषणं ऐकली त्यात योजनांचे आकडे ऐकले, दराबद्दल कोणी बोलताना ऐकलं नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताही हातात आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रातल्या प्रत्येक खाजगी नर्सिंग होमने रुग्णहक्कांची सनद आणि बेड, आयसीयू, डॉक्टर व्हिजिट वगैरेंचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचंय. नाशिकला आणि साताऱ्याला आपण ज्या दवाखान्यांत जातो तिथे ते लावलंय का, दादा, ताई, बघून मला फोटो पाठवा. लावलेलं नसेल तर नाशिकला महापालिकेकडे, साताऱ्यात तिथल्या नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते, मसुदा मी इथून लिहून देते.