घराबरोबर चरही विकत घेतला होता

काल आमच्या अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर एकाने काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) पत्राचा फोटो टाकला, ड्रेनेज डिस्ट्रिक्ट असेसमेंट, म्हणजे जमिनीखालून पाणी काढणाऱ्या सामाईक नळ्यांची वर्गणी, ३१२ डॉलर, खाली प्रश्न "स्कॅम आहे का हा?" आणि पाच मिनिटांत सहा जणांचं उत्तर "इग्नोर कर". अरे बाबांनो, मी केलं होतं इग्नोर!

आयोवा राज्यात एम्स गावाच्या बाहेर सव्वा एकराचं घर घेतलं तेव्हाची गोष्ट. इथे घर घेताना अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नावाचं जाडजूड बाड असतं, जमिनीची सगळी कुंडली, वकील ते वाचून ओपिनियन देतो, म्हणजे आपल्याकडचा सर्च रिपोर्टच. त्यात एक ओळ होती, हा प्लॉट अमुक नंबरच्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टमध्ये येतो. मी वाचलीच नाही. वकिलाला फी दिलीय ना, मग त्याने वाचावं, असा आपला हिशोब.

२०२१ ला २८६ डॉलरचं बिल आलं. मला वाटलं प्रॉपर्टी टॅक्स एस्क्रोतून, म्हणजे कर्जाच्या हप्त्याबरोबर जमा होणाऱ्या खात्यातून, बँक भरतेच, हेही त्यातच जाईल. नाही गेलं. पत्र पिझ्झाच्या कुपनांबरोबर ड्रॉवरमध्ये. १ ऑक्टोबरपासून महिना दीड टक्का व्याज सुरू, आणि पुढच्या जूनमध्ये, तिसऱ्या सोमवारी इथे टॅक्स सेल, म्हणजे थकलेल्या करांचा लिलाव, असतो त्यात, कुणा गुंतवणूकवाल्याने माझी थकबाकी भरून तिचं सर्टिफिकेट घेतलं, आता त्याला मी वर महिना २ टक्के द्यायचे. घर जात नाही लगेच, सोडवायला मुदत असते, पण बोजा गृहकर्जाच्याही आधी उभा राहतो. बेसमेंटसाठी लोन मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कान लाल झाले हो.

सोडवणं सोपं निघालं. त्या गुंतवणूकवाल्याला शोधत बसायचं नाही, पैसे काउंटी ट्रेझररकडे (काउंटीच्या खजिनदाराकडे) भरायचे, साधा चेक चालत नाही, बँकेचा कॅशिअर्स चेक लागतो. पावणेचारशेच्या आसपास गेले आणि विषय संपला. मला आमचे आप्पा आठवले, सोसायटीचं पीककर्ज फेडून चार वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच, शेवटी दाखला घेऊन तलाठ्याकडे खेटे घातले तेव्हा फेरफार झाला.

आता माझं मत, पटलं नाही तर भांडा. हा चार्ज अन्यायाचा नाही. "आमच्याकडे पाणी तुंबतच नाही, मग पैसे कशाचे?" अहो, तुंबत नाही कारण खाली पाइप आहे! हा सगळा भाग एकेकाळी दलदल होता, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोकांनी वर्गणी काढून मातीच्या नळ्या पुरल्या, त्याला इथे टाइल म्हणतात. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने एकदा त्याच्या मक्यात पडलेलं भगदाड दाखवलं, टोपलीएवढं तोंड, आत वाकून बघितलं तर अंधार आणि खळखळ आवाज, भर ऑगस्टात, वर जमीन भेगाळलेली. त्याच नळीत माझ्या बेसमेंटच्या पंपाचं पाणी जातं. सांगली-वाळव्याकडे क्षारपड रानात पाइप घालून निचरा करतात ना, साधारण तेच काम.

माझी तक्रार वेगळी आहे. कुणी किती भरायचं हे फायद्यावर ठरतं, ज्याला सगळ्यात जास्त फायदा त्याला १०० धरायचं, बाकीचे त्या प्रमाणात. पण हे कोष्टक पुष्कळ ठिकाणी आजोबांच्या काळातलं, तेव्हा जिथे नुसतं शेत होतं तिथे आज पार्किंग लॉट आहेत, पाऊस पडला की सगळं पाणी धाडकन पाइपात. फेरवर्गीकरण, म्हणजे हे कोष्टक नव्याने करून, मागता येतं, मोठ्या कामाआधी हिअरिंगही होतं, नोटीस घरी येते. मी गेल्या वेळी गेलो तर आठ माणसं, सगळी सत्तरीची, आपल्यापैकी मी एकटा.

तर ज्याने फोटो टाकला त्याला : काउंटीच्या साइटवर पार्सल नंबर (आपल्या प्लॉटचा नंबर) घालून बघ, बिल खरं असेल तर ३० सप्टेंबरच्या आत भर आणि पावती ठेव. मोठ्या रकमेला वर्षावर्षाचे हप्ते मिळतात पण त्याचा अर्ज सुरुवातीलाच करायचा असतो, व्याज लागल्यावर नाही. आणि एस्क्रोच्या भरवशावर राहू नको, बँकेला फोन करून विचार.

बाकी "इग्नोर कर" म्हणणाऱ्या सहा जणांपैकी दोघांची घरं त्याच डिस्ट्रिक्टमध्ये आहेत. मी नकाशा बघितलाय.