लिनक्सचा टचस्क्रीन ड्रायव्हर जसाच्या तसा उचलता येतो का?

लिनक्समध्ये एखाद्या टचस्क्रीनचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) असला, की तो फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणणे हे दोन दिवसांचे नक्कल उतरवण्याचे काम आहे, असे विधान सर्रास केले जाते. कारणे तीन दिली जातात: कोड खुला आहे, स्पर्श म्हणजे शेवटी माऊसची टिचकीच, आणि आता सगळे टचस्क्रीन एकाच मानकाने चालतात.

कोड खुला आहे, हे खरे. परंतु लिनक्सचे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जीपीएल परवान्याचे आहे (त्यातला कोड घेतला, तर त्यावरून बनवलेले कामही त्याच परवान्याने द्यावे लागते) आणि फ्रीबीएसडी तसा कोड आपल्या कर्नलमध्ये घेणे टाळते. म्हणून चिपचे वागणे समजून घेऊन ड्रायव्हर बहुधा नव्याने लिहावा लागतो. शिवाय ड्रायव्हरचा निम्मा भाग चिपशी नव्हे, तर कर्नलशी बोलत असतो. उदाहरणार्थ, २०२१ च्या फ्रीबीएसडी १३.० मध्ये आलेल्या 'आयआयसीहिड' या टचस्क्रीन-टचपॅडच्या ड्रायव्हरला, कर्नलकडून इंटरप्ट (चिपकडे नवी माहिती आल्याचा इशारा) मिळत नाही अशा यंत्रांवर, ठरावीक अंतराने स्वतःच चिपकडे विचारणा करत राहावे लागते.

माऊसची तुलनाही टिकत नाही. माऊस एकच बिंदू हलवतो. इथे प्रत्येक बोटाला वेगळा क्रमांक देऊन ते उचलले जाईपर्यंत त्याचा माग ठेवावा लागतो. मात्र फ्रीबीएसडीने लिनक्सचीच 'ईव्हीडेव्ह' ही, स्पर्श किंवा कळ दाबणे अशा घटना वरच्या प्रोग्रॅमांना कळवण्याची पद्धती स्वीकारल्यामुळे वरच्या थरातील काम खरोखर हलके झाले आहे, हे मान्य केले पाहिजे.

तिसरा दावा सर्वांत फसवा आहे. विंडोज ८ च्या काळात आलेल्या 'आयटूसीवरील एचआयडी' मानकामुळे (आयटूसी ही चिपांना जोडणारी साधी तार-जोडणी, एचआयडी ही कीबोर्ड-माऊससारख्या उपकरणांची सामायिक भाषा) पुष्कळ उपकरणांना एकच ड्रायव्हर पुरतो. पण स्वस्त टॅब्लेटमधील सिलीड कंपनीच्या स्पर्श ओळखणाऱ्या चिपा या मानकात बसत नाहीत. त्यांचे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) चिपमध्ये कायम राहत नाही, ते ड्रायव्हरला बाहेरून भरावे लागते, आणि ते चिपपुरते नसून त्या टॅब्लेटच्या पडद्यासाठी जुळवलेले असते. म्हणून चिप एकच असली, तरी दोन टॅब्लेटांना दोन वेगळ्या फाइली लागतात. त्यासाठी लिनक्सने 'टचस्क्रीन_डीएमआय' नावाची यादीच ठेवली आहे: बायोसमधील (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील) नावावरून टॅब्लेट ओळखायचा, मग पडद्याचे माप, उलटे किंवा अदलाबदल झालेले अक्ष आणि फर्मवेअरच्या फाइलीचे नाव ड्रायव्हरला द्यायचे. उजवीकडे सरकवलेले बोट पडद्यावर डावीकडे जाते, तेव्हा पुष्कळदा ड्रायव्हरचा कोड निर्दोष असतो. यादीत त्या टॅब्लेटची नोंद नसते, आणि पडताळलेली नोंद तो टॅब्लेट हाताशी असलेल्या माणसाकडूनच येऊ शकते.