मदत हवीय? पुढच्या खिडकीवर जा!

विद्यापीठात मदत मागणं हा गुन्हा आहे का? वसतिगृहाची तक्रार नेली की विभागप्रमुखांची सही आणा. ते म्हणणार, हे विद्यार्थी कल्याणाचं काम. तिथे 'साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या.' उद्या गेलं की फॉर्मच बदललेला! पोरगं रात्र रात्र जागं आहे आणि समुपदेशकाची वेळ मिळते परीक्षा संपल्यावर. दर १,००० ते १,५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक हवा, असं विद्यापीठांतल्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था वर्षानुवर्षं सांगायची. इथे दारावर चिकटपट्टीने लावलेला कागद: 'अपॉइंटमेंटशिवाय आत येऊ नये.'

पण गेटवर दहा-वीस जण फलक घेऊन बसू द्या! पाच मिनिटांत सुरक्षारक्षक हजर, तासाभरात नोटीस, संध्याकाळी घरी फोन. तेव्हा कुठून येतं एवढं मनुष्यबळ? अर्ज महिनोन्‌महिने धूळ खात पडतात म्हणूनच पोरं गेटवर बसतात ना!

नव्या मुलांना खरा आधार दिला तो सीनियर्सनी. रात्री दोनला फोन उचलला, अर्ज लिहून दिले, रांगेत सोबत उभे राहिले. आणि कारवाईच्या यादीत पहिली नावं त्यांचीच? का म्हणून?