"लागलं नाही ना ताई? मग जाऊ द्या की!"

सकाळी सव्वासातला पुण्यात कर्वे रोडवर एका काळ्या एसयूव्हीचा आरसा माझ्या सायकलच्या हँडलला घासून गेला. आधी मागून तीन-चार वेळा लांबलचक कर्कश हॉर्न आणि मग डावीकडे दाबत कट. मुद्दाम मारला म्हणते, कारण उजवीकडे अख्खी लेन मोकळी होती. पाय फूटपाथच्या कडेवर टेकला म्हणून पडले नाही. पुढच्या सिग्नलला त्याला गाठलं, तर काच खाली करून म्हणतो, "ओ काकू, कडेनं चालवा ना. मरायचंय का?"

कडेनं! अरे, कडेला काय असतं ते एकदा सायकलवर बसून बघ. चाक अडकेल एवढ्या फटींच्या गटाराच्या जाळ्या, खचलेली चेंबरची झाकणं, खडी, दुधाचे क्रेट उतरवणारा टेम्पो, मागे न बघता धाडकन दार उघडणारा गाडीवाला आणि राँग साइडनं येणाऱ्या दुचाक्या. म्हणून आम्ही हातभर आत चालवतो. हौस म्हणून नाही, जीव वाचावा म्हणून. "सायकल ट्रॅकवरून जा" हा सल्ला तर मला देऊच नका. 2017 साली महापालिकेनं या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. आज ट्रॅक म्हणून जे तुकडे आहेत, त्यांवर गाड्या लावलेल्या असतात, नाहीतर मधेच विजेचा डीपी उभा असतो.

पण माझा खरा संताप त्या ड्रायव्हरवर नाही. त्यानंतरच्या अडीच तासांवर आहे.

हेल्मेटला कॅमेरा आहे. नंबर प्लेट स्पष्ट दिसते, हॉर्न ऐकू येतो, कट दिसतो. कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून चौकीत गेले. पहिला प्रश्न, "लागलं का कुठं?" नाही म्हटलं. "मग जाऊ द्या की ताई." जाऊ देणार नाही म्हटल्यावर हद्द निघाली. सिग्नलच्या अलीकडे झालं की पलीकडे? अलीकडे. मग ती आमची हद्द नाही, त्या चौकीत जा. त्या चौकीत गेले तर साहेब राउंडला. तासाभरानं आले. व्हिडिओ अर्धा बघितला आणि म्हणाले, "सायकल जरा मधेच दिसतेय तुमची." हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, बोलणं अदबीचं होतं, ते नाकारत नाही. पण शेवटी हातात कोरा कागद आला. साधा अर्ज लिहून द्या, आम्ही त्याला बोलावून समज देऊ.

समज? माझ्या अंगावर दीड-दोन टनांचं धूड घातलं, त्याला समज?

मला कायदा शिकायची हौस नव्हती, पण आता शिकलेय. भारतीय न्याय संहितेचं कलम 281. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीनं गाडी चालवून माणसाच्या जिवाला धोका केला, किंवा इजा होण्याची शक्यता निर्माण केली, की गुन्हा झाला. शक्यता! इजा झालीच पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो असा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगितलंय. हद्दीचं म्हणाल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि खटल्याच्या पद्धतीच्या कायद्याच्या, कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. मी हे सगळं चौकीत सांगितलं. उत्तर मिळालं, "ताई, एवढ्यातेवढ्यासाठी एफआयआर करत बसलो तर झालं मग."

एवढ्यातेवढ्यासाठी. 28 फेब्रुवारी 2024 ला पहाटे नवी मुंबईत नेरुळजवळ पामबीच रोडवर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत होते. मागून भरधाव कॅबनं उडवलं आणि ते गेले. तेव्हा गुन्हा दाखल झाला. होणारच, माणूस मेल्यावर कोण नाही म्हणतो? पण आमच्यासारख्यांना रोज बसणारे कट, आरशाचे फटके, अंगावर येणारे बंपर, यांची कुठं नोंदच होत नाही. जो आज मला घासून गेला, त्यानं काल कुणाला घासलं होतं हे पोलिसांना कळणार कसं, तुम्ही ते लिहूनच घेत नाही तर?

घरी आले तर शेजारचे काका म्हणाले, "कशाला त्या सायकलच्या नादी लागतेस, स्कूटर घे." म्हणजे रस्ता मीच सोडायचा. नाही सोडणार. बावीस वर्षं याच रस्त्यानं सायकलवर कामाला जातेय.

अर्जाची पोच शिक्क्यासकट माझ्याकडे आहे. कलम 173 मध्येच लिहिलंय, ठाण्यात नोंद नाकारली तर माहिती लेखी टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येते. आज रात्री बसून तेच लिहितेय, व्हिडिओ पेनड्राइव्हवर घातलाय. उद्या कामावर जाताना वाटेत स्पीड पोस्ट करणार आहे. सायकलवरूनच.