फिएटवाल्यांनो, रोटर काढून ठेवा

"जुनी फिएट कोण चोरणार हो?" हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता त्याचा राग येतो. वाईट याचं वाटतं की विचारणारे बहुतेक जण स्वतःच फिएटचे मालक असतात. रंग, क्रोम, सीटा, ओरिजिनल हबकॅप यांच्यापायी लाखांनी पैसे घातलेला माणूस चोरीचा विषय निघाला की हात झटकतो.

कोण चोरणार? ज्याला पार्ट हवेत तो. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यातून ही गाडी आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशा नावांनी 1964 पासून 2000 च्या आसपासपर्यंत बाहेर पडत होती. मुंबईत टॅक्सी म्हणून हजारोंनी धावत होत्या, तोवर दरवाजा म्हणा, ग्रिल म्हणा, गिअरबॉक्स म्हणा, काहीही मिळायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही गेली. आता चांगल्या स्थितीतली उभी गाडी हाच सुट्या भागांचा साठा आहे. आणि ज्याला त्याचंही मोल कळत नाही, त्याच्यासाठी ते किलोवर विकायचं लोखंड आहेच.

आता चोरी कशी होते ते बघा. नव्या गाडीच्या किल्लीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन पेटत नाही. आपल्या गाडीत यातलं काहीच नाही. बॅटरीचा करंट कॉइलला (ठिणगीसाठी दाब वाढवणारी) पोचला, कॉइलचा डेल्कोला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला, की गाडी चालू. किल्ली म्हणजे फक्त एक बटण. दारातली छोटी तिकोनी काच तर कुणीही ढकलून उघडावी अशी. पण मला खरी भीती वाटते ती क्रेनची. नवीकोरी गाडी कुणी भरदुपारी ओढून नेऊ लागला तर वॉचमन हटकतो. जुनी फिएट नेली तर तोच वॉचमन मागून धक्का मारायला येतो, कारण "गाडी गॅरेजला चाललीय" हे सगळ्यांना खरंच वाटतं. म्हणून सोसायटीत लेखी देऊन ठेवा आणि वॉचमनला तोंडी बजावा: ही गाडी माझा फोन आल्याशिवाय हलणार नाही, कुणीही आलं तरी. याला एक पैसा लागत नाही.

दुसरा फुकटचा उपाय डेल्कोमधला रोटर, म्हणजे आत फिरून एकेका प्लगला ठिणगी पोचवणारा तुकडा. कॅपच्या क्लिपा काढायच्या, रोटर वर ओढायचा, खिशात टाकायचा. तळहातावर मावणारा तुकडा, पण त्याच्याशिवाय प्लगला ठिणगी जात नाही. 1940 मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीनं ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवण्याची सक्तीच होती, आणि तेव्हाही लोक हेच करायचे. आठवडाभर गावाला जाताना हे केलंच पाहिजे. चोर येताना स्वतःचा रोटर घेऊन येईल म्हणाल, तर येईलही. पण बहुतेक जण बॉनेट उघडून शोधत बसायला थांबत नाहीत, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

रोजच्यासाठी छुपा स्विच बसवा. कॉइलच्या वायरमध्ये एक साधा स्विच, डॅशबोर्डखाली नको, सहज हात जाणार नाही अशा जागी. शिवाय बॅटरीला कटऑफ, म्हणजे तिचा करंट पूर्ण तोडणारा स्विच. त्यानं आगीचा धोकाही कमी होतो, आणि चाळीस वर्षांच्या वायरिंगला त्याची गरज असतेच. बाजारातलं गिअर लॉक आणायला धावू नका, ते खालच्या गिअरसाठी असतं, आपला दांडा स्टीअरिंगला आहे. स्टीअरिंगपासून क्लचच्या पेडलपर्यंत जाणारा जाड रॉड मात्र चालतो. स्टीअरिंगचं चाक कापता येतं हे खरं, पण रॉड काचेतून दिसतो, आणि दिसणं हेच त्याचं काम.

ट्रॅकरबद्दल सांभाळून. वायर जोडून चालणारा ट्रॅकर महिनाभर उभ्या गाडीची बॅटरी पिऊन टाकतो. आणि ज्यांच्याकडे पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या) जुन्या ब्रिटिश गाड्या आहेत त्यांनी तर माहितगार इलेक्ट्रिशियनशिवाय वायरला हातही लावू नये. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा घ्या.

विम्याचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यासाठी धरायची किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. आपण काय करतो, एजंट जो आकडा टाकेल त्यावर सही. अनेकांकडे तर फक्त थर्ड पार्टी असतो, म्हणजे चोरी झाली की शून्य. कामाची बिलं आणि फोटो ठेवा, ते दाखवून आकड्यासाठी भांडा. दोन्ही किल्ल्या जपा. क्लेमच्या वेळी कंपनी दोन्ही मागते, एफआयआर मागते, आणि गाडी सापडत नाही असा 'ए समरी' अहवालही मागते. चेसी नंबर आणि इंजिन नंबरचे जवळून फोटो काढा. गाडीत दोन-तीन आडजागी चेसी नंबर कोरून घ्या. सापडलेली गाडी आपलीच आहे हे सिद्ध करताना यांचा उपयोग होतो.

आणखी एक. घरची दुसरी मोडकी गाडी भंगारात देता तेव्हा आरसी तिच्याबरोबर देऊ नका. 14 दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करा, कायद्यात ते सांगितलेलंच आहे. तुमच्या मेलेल्या गाडीच्या कागदावर दुसऱ्याची चोरलेली गाडी जिवंत होते, आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात जास्त लागते.

छुप्या स्विचचं काम नीट करणारे, जुनं वायरिंग समजणारे कारागीर आता फार थोडे उरलेत. तुमच्या गावात असं कुणी असेल तर त्यांना विचारून मला मेसेजमध्ये जरूर कळवा. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात विचारणारे बरेच जण आहेत.