उंबरठ्यावरची बोटं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजूनही भाऊ मुराळी होऊन माहेरी न्यायला येतो. माझी गाडी दारात असते, तरी मी त्याची वाट बघते. पन्नाशी उलटलीय, पण निंबाला झोका दिसला की बसतेच. वहिनी खापरावर मांडे टाकत असते. हात लावायला गेले की म्हणते, "राहू द्या ताई, चार दिवस पाहुण्या आलात." ती प्रेमानेच म्हणते. पण मांडा हातावर मोठा करायला मी त्याच चुलीपाशी शिकले ना! तिथेच पाहुणी?

माहेरी माहेरवाशीण, सासरी सासुरवाशीण. बाई कुठली ना कुठली 'वाशीण'च. पुरुषाला असा शब्दच नाही. फार तर घरजावई, तोही हिणवायला.

वडील २०१३ ला गेले. दिवसकार्य उरकल्यावर हक्कसोडचा कागद समोर आला. माझं लग्न १९९१ चं. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला, त्यात आधी लग्न झालेल्या वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. मला हे सगळं पाठ होतं, आणि मी सही केली. माय एवढंच म्हणाली होती, "वावर लेशी ते माहेर तुटी जाई." भावाने मागितलंही नव्हतं धड, सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मीसुद्धा. राग येतो तो स्वतःचा. दरवर्षीची साडी नेसताना तर जास्तच. (साड्या छान असतात, ते खोटं कशाला बोलू!)

सासू गेल्यापासून सासरची आखाजीची घागर, पितरांच्या नावाची, मीच भरते. वर डांगर (खरबूज) ठेवायचं, उंबरठा पुजायचा, पितरांचं एकेक नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. सासरे, आजेसासरे, त्यांचे वडील, सगळी नावं तोंडपाठ. यंदा आजेसासूंचं नाव विचारलं, तर थोरल्या जेठांनाही आठवेना. म्हणाले, "आम्ही आजीच म्हणायचो." लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून त्यांचं माहेरचं नाव पुसलं असणार. ते नवंही कोणी जपलं नाही. आयुष्यभर याच घरात राबल्या.

मी एक बोट जास्तीचं उमटवलं. नाव न घेता.

नवऱ्याने विचारलं, "हे कोणाचं?"

म्हटलं, "तुमच्याच आजीचं. नाव सापडलं तर सांगा."

त्याने आत जाऊन आत्याला फोन लावला.